आपल्या ठायीं कार्य करणारें देवाचें सामर्थ्य
(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवप्रसंगीं दिलेलें व्याख्यान)



ज्युबिली म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें पताका, तोरणें, वाजंत्री आणि पंगती हीं प्रथम येतात. हें योग्यच आहे. देवाच्या उपकारांचें स्मरण आनंदानेंच करावयाचें असतें. परंतु ज्या ग्रंथांतून हा शब्द आपणांकडे आला, त्या ग्रंथांत ज्युबिलीची कल्पना याहून बरीच गंभीर आहे. जुन्या करारांतील लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत देवानें इस्राएल लोकांस ज्युबिलीची आज्ञा दिली आहे. सात वर्षांचीं सात आवर्तनें पुरीं झालीं, म्हणजे एकोणपन्नास वर्षें भरलीं, कीं पन्नासाव्या वर्षासाठीं देशभर शिंग फुंकावयाचें. हातांतून गेलेली जमीन मूळ कुळास परत द्यावयाची. दास्यांत पडलेल्या बांधवास मुक्त करावयाचें. आणि त्या वर्षीं शेतांत बीं पेरावयाचें नाहीं. एकोणपन्नासावें वर्षही जमिनीच्या विसाव्याचेंच असे. म्हणजे सलग दोन वर्षें नांगर घरांत उभा ठेवावयाचा!

आपले वाडवडील शेतकरी आणि वाडीवाले होते. आपल्यांपैकीं कित्येक आजही आहेत. एक पाऊस चुकला तर घरांत काय होतें, हें आपणांस कोणीं सांगावयास नको. म्हणून त्या इस्राएली शेतकऱ्याच्या मनांत कोणता प्रश्न उभा राहिला असेल, तो आपणांस तात्काळ समजतो: पेरलें नाहीं तर खावें काय? पवित्र शास्त्रानें हा प्रश्न झांकून ठेवलेला नाहीं. तो उघड मांडून, आपल्या आशीर्वादानें कोठारें पुरतील एवढें पीक आधींच येईल, असें देवानें आश्वासन दिलें आहे. तात्पर्य, ज्युबिली हा मूळचा भरंवशाचा सण आहे. आपले हात थांबले असतांही देवाचा हात थांबत नाहीं, हें प्रत्यक्ष जगून शिकावयाचें तें वर्ष होय. याच भरंवशाविषयीं आज चार शब्द बोलावे, असें मीं योजिलें आहे.

संत पौलानें इफिसकरांस जें पत्र लिहिलें, त्याच्या तिसऱ्या अध्यायाच्या शेवटीं एक अतिशय सुंदर प्रार्थना आहे. प्रेषित त्या वेळीं बंदिवासांत होता, असें त्याच पत्रावरून कळतें. बेड्या पडलेल्या मनुष्यानें सुटकेसाठीं प्रार्थना केली असती तर त्यास कोणीं दोष दिला नसता. पण त्या प्रार्थनेंत सुटकेचा उल्लेखही नाहीं. आपल्या वाचकांचा अंतरींचा मनुष्य बळकट व्हावा, विश्वासाच्या द्वारें ख्रिस्तानें त्यांच्या अंतःकरणांत वस्ती करावी, प्रेमांत त्यांचीं मुळें खोल जावींत आणि ख्रिस्ताच्या प्रेमाचा विस्तार त्यांस आकळावा, एवढेंच तो गुडघे टेकून मागतो. आणि मग त्याच्या मुखांतून देवाची स्तुति निघते: आपण जें मागतों किंवा मनांत आणतों त्याच्या कितीतरी पलीकडे करावयास देव समर्थ आहे, आणि तें तो आपल्याच ठायीं कार्य करणाऱ्या सामर्थ्यानें करतो.

बंधुभगिनींनो, हें सामर्थ्य आपल्या ठायीं आहे, या शब्दांवर थोडें थांबूं या. देव स्वर्गांत समर्थ आहे, हें मान्य करावयास कोणासही कठीण जात नाहीं. त्यानें पूर्वीं तांबडा समुद्र दुभंगला, हेंही आपण सहज मानतों. परंतु तोच देव माझ्यासारख्या रागीट, आळशी, वारंवार पडणाऱ्या मनुष्याच्या अंतरांत आज काम करीत आहे, हें म्हणतांना आपली जीभ अडखळते. आपला अविश्वास बहुतकरून येथेंच असतो. देव आहे कीं नाहीं, ही शंका आपल्या घरांत क्वचितच येते. देव आपल्यांत कांहीं करील कीं नाहीं, ही शंका मात्र रोज उंबरठ्यावर बसलेली असते.

तिला बळकटी देणारा एक अनुभवही आपणां सर्वांस आहे. आपण प्रार्थना केली आणि मागितलें तें मिळालें नाहीं. एखाद्या आईनें आजारी लेंकराच्या उशाशीं रात्र रात्र जपमाळ म्हटली, नोव्हेना केली, आणि तें लेंकरूं गेलें. एखाद्या बापानें दारूच्या नादीं लागलेल्या मुलासाठीं वर्षानुवर्षें मिस्सा सांगितल्या, आणि मुलगा अजून आहे तेथेंच आहे. अशा आईबापांपुढें उभें राहून, देव मागण्याहून अधिक देतो, असें म्हणावयाचें तरी कसें? जें उत्तर त्या आईला ऐकवतां येत नाहीं, तें प्रवचनांतही सांगूं नये. म्हणून आपण हा प्रश्न टाळूं नये. त्याला समोर ठेवूनच पुढें जाऊं.

त्यासाठीं मी आपणांस दूरच्या कोणा संताकडे नेत नाहीं. आपल्याच वसईच्या मातींत जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सिया यांचें चरित्र आपणांपुढें ठेवतों. त्यांचें नांव आपण लहानपणापासून ऐकतों. हुतात्मा म्हणून त्यांची चित्रें आपल्या घरांत असतात. परंतु त्यांच्या आयुष्यांतील एक गोष्ट आपल्या लक्षांतून सुटते. या थोर पुरुषाची सर्वांत आवडती प्रार्थना देवानें मान्य केली नाहीं.

इ. स. १५५७ च्या सुमारास वसईस त्यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई येथलीच. येशूसंघाच्या धर्मगुरूंच्या देखरेखीखालीं त्यांचें शिक्षण झालें. सुमारें पंधराव्या वर्षीं ते त्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. तेथील कठीण भाषा ते थोड्याच काळांत उत्तम बोलूं लागले आणि सुमारें आठ वर्षें त्यांनीं धर्मशिक्षकाचें काम केलें. गांवोगांव जावें, लहानथोरांस धर्मवचनें शिकवावींत, धर्मगुरूंचें बोलणें लोकांस समजावून सांगावें, असा त्यांचा क्रम होता. त्यांच्या मनांत एकच इच्छा होती: आपणांस येशूसंघांत घ्यावें. ती इच्छा त्यांनीं बोलून दाखविली, वाट पाहिली. परंतु त्यांस संघांत प्रवेश मिळाला नाहीं.

यांत कोणाचा दोष होता, याची चौकशी आपणांस करावयाची नाहीं. त्या तरुणाच्या अंतःकरणाकडे मात्र पाहूं या. घरदार सोडलेलें, परका देश, ऐन उमेदीचीं आठ वर्षें देवाच्या कामीं खर्चिलेलीं, आणि शेवटीं दार बंद! शेवटीं त्यांनीं तें काम सोडलें आणि व्यापार धरिला. व्यापारांत त्यांस यश आलें. जगाच्या दृष्टीनें ही कथा येथेंच संपावयास हरकत नव्हती: देवाच्या कामीं निराश झालेला एक तरुण पुढें सुखवस्तु सौदागर झाला.

परंतु तिकडे प्रवेश नाकारला गेला, म्हणून इकडे देवाचें काम थांबलें नव्हतें. व्यापारानिमित्त फिलिपाइन्स बेटांत मनिला शहरीं ते गेले. तेथें संत फ्रान्सिसच्या संघांतील साधूंचा त्यांस सहवास घडला, आणि जी हांक मनांत विझली असें वाटत होतें ती पुन्हां पेटली. त्यांनीं संपत्तीवर पाणी सोडलें आणि त्या संघांत साधे धर्मबंधु म्हणून प्रवेश केला. धर्मगुरूची दीक्षाही त्यांनीं घेतली नाहीं. पुढें इ. स. १५९३ मध्यें मनिलाच्या सुभेदाराचे वकील म्हणून संत पेद्रो बाप्तिस्ता यांस जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे पाठविण्याचें ठरलें, तेव्हां जपानी भाषा जाणणारा आपला मनुष्य बरोबर हवा होता. असा मनुष्य त्या मठांत होता, वसईचा गोन्सालो!

येथें क्षणभर विचार करा. जीं आठ वर्षें वायां गेलीं असें वाटलें, त्याच वर्षांत ती भाषा त्यांच्या जिभेवर आली होती. मागितलेलें मिळालें नाहीं, त्या काळांतही देव त्यांच्या ठायीं कांहींतरी सांठवीत होता. क्योटो येथें या धर्मबंधूंनीं मंदिर उभारिलें, रोगपीडितांसाठीं इस्पितळें चालविलीं, आणि या सर्व कामांत लोकांशीं बोलावयाचें तें गोन्सालोच्या मुखानें. दुभाष्याचें काम मानाचें नसतें. तो दुसऱ्याचे शब्द वाहून नेतो. त्याचे स्वतःचे शब्द कोणी लिहून ठेवीत नाहीं. तरी त्याच्यावांचून कोणाचेंच बोलणें पोंचत नाहीं.

आतां शेवट पाहा. इ. स. १५९६ च्या ऑक्टोबरांत सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश जहाज वादळांत सांपडून जपानच्या किनाऱ्यास लागलें, आणि त्यावरून उठलेल्या वादांत हिदेयोशीचा राग ख्रिस्ती धर्मगुरूंवर वळला. डिसेंबरांत धरपकड झाली. बंदिवानांचे डावे कान कापून त्यांस शहरांत फिरविण्यांत आलें, आणि मग भर हिवाळ्यांत क्योटोकडून नागासाकीकडे सुमारें ८०० किलोमीटरची वाट चालविण्यांत आली. वाटेंत आणखी दोघे मिळून ते सव्वीस झाले: फ्रान्सिस्कन संघाचे सहा, येशूसंघाचे तीन आणि सतरा गृहस्थ. त्यांत लुई इबाराकी हा बारा वर्षांचा मुलगा होता. इ. स. १५९७ च्या फेब्रुवारीच्या पांचव्या तारखेस नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर त्या सर्वांस क्रुसावर चढवून भाल्यांनीं भोंसकण्यांत आलें. येशूसंघाचे पॉल मिकी यांनीं क्रुसावरूनच लोकांस उपदेश केला आणि आपणांस मारणाऱ्यांस क्षमा केली. ज्या संघानें गोन्सालोस घेतलें नव्हतें, त्या संघाचे तिघे आणि गोन्सालो एकाच टेकडीवर, एकाच दिवशीं, एकाच प्रभूसाठीं मेले. इ. स. १६२७ मध्यें त्यांस धन्य म्हणून घोषित करण्यांत आलें, आणि ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं सर्व सव्वीस जणांस संतपद दिलें. भारतांत जन्मलेल्या मनुष्यास मिळालेलें तें पहिलें संतपद होय.

एखादा म्हणेल, देवाचें सामर्थ्य ज्याच्या ठायीं कार्य करीत होतें, त्याचा शेवट क्रुसावर व्हावा, हें कसलें सामर्थ्य? या शंकेचें उत्तर संत पौलानें त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायांत देऊन ठेविलें आहे. विश्वास ठेवणाऱ्यांच्या ठायीं कार्य करणारें सामर्थ्य कोणतें, हें सांगतांना तो सूर्यचंद्र घडविणाऱ्या सामर्थ्याचें उदाहरण देत नाहीं. ज्या सामर्थ्यानें पित्यानें ख्रिस्तास मेलेल्यांतून उठविलें, तेंच हें, असें तो सांगतो. याचा अर्थ नीट ध्यानांत घ्या. हें सामर्थ्य कबरेस वळसा घालून जात नाहीं. तें कबरेंत उतरतें आणि कबर उघडून बाहेर येतें. प्रभु येशूनें गेथशेमनी बागेंत दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनविलें. प्याला टळला नाहीं. पौलानें आपल्या देहांतील काटा दूर व्हावा म्हणून तीनदां विनंति केली. काटा राहिला आणि त्याबरोबर पुरेल इतकी कृपा मिळाली. न मिळालेल्या मागण्यांच्या या मालिकेंत आपली मागणी प्रत्यक्ष देवपुत्राच्या मागणीशेजारीं जाऊन बसते. ज्या आईचें लेंकरूं गेलें तिला मी एवढेंच म्हणूं शकतों: माउली, तुझी प्रार्थना वायां गेली नाहीं. ती प्रभूच्या बागेंतील प्रार्थनेंत मिसळली आहे. आणि त्या प्रार्थनेचें उत्तर शुक्रवारीं मिळालें नाहीं, रविवारीं मिळालें. तुझा रविवार अजून यावयाचा आहे. आणि तोपर्यंत तुला उभें ठेवणारा तुझ्या अंतरांतच आहे.

मागण्याच्या पलीकडे म्हणजे मागितलें त्याच्या दुप्पट, असा अर्थ आपण करतों. आपलें मागणें एक घर, तर देवानें दोन द्यावीं! परंतु देवाचें पलीकडचें देणें अशा मोजमापाचें नसतें. गोन्सालोनें जी जागा मागितली होती ती मिळाली असती तर त्यांनीं ती सुखानें भरली असती. देवानें त्यांस जें दिलें, तें मागावयाचें त्यांस सुचलेंही नसतें. आणि त्या देण्याचा विस्तार त्यांच्या मरणानंतरही वाढतच राहिला.

तो कसा, तें थोडक्यांत सांगतों. इ. स. १६१४ मध्यें जपानांत ख्रिस्ती धर्मास सर्वत्र बंदी झाली. धर्मगुरु हद्दपार झाले किंवा मारले गेले. पुढें सुमारें अडीचशें वर्षें तेथील ख्रिस्ती लोकांस ना मंदिर, ना मिस्सा, ना पापनिवेदन. शेतकरी आणि कोळी लोकांनीं आपसांत कामें वांटून घेतलीं: एकानें सणवारांची गणना ठेवावी, एकानें जन्मलेल्या बालकास बाप्तिस्मा द्यावा, एकानें घरोघर निरोप पोंचवावा. बाप म्हणे आणि मुलगा पाठ करी, अशा रीतीनें प्रार्थना सात पिढ्या चालत आल्या. इ. स. १८६५ मध्यें परदेशी लोकांसाठीं म्हणून नागासाकीस ओउरा येथें एक मंदिर बांधण्यांत आलें आणि तें त्याच सव्वीस हुतात्म्यांस समर्पित झालें. त्या वर्षीं १७ मार्च रोजीं उराकामी गांवचीं कांहीं माणसें त्या मंदिराच्या दारांत येऊन उभीं राहिलीं. आपलें आणि तुमचें अंतःकरण एकच आहे, असें त्यांतील एका स्त्रीनें फ्रेंच धर्मगुरु पेतिजां यांस हळूच सांगितलें, आणि पवित्र मरियेची मूर्ति कोठें आहे तें विचारलें. पुढें या लोकांचा पुन्हां छळ झाला. उराकामीच्या सुमारें ३,४०० ख्रिस्ती लोकांस हद्दपार करण्यांत आलें. अखेर इ. स. १८७३ मध्यें बंदी उठली आणि ते परत आले.

अडीचशें वर्षें त्यांस कोणीं राखिलें? त्यांच्यापाशीं सत्ता नव्हती, द्रव्य नव्हतें, विद्या नव्हती. बाहेरचे सर्व आधार एकामागून एक काढून घेतले गेले आणि मग जें उरलें तें दिसलें: आपल्या ठायीं कार्य करणारें देवाचें सामर्थ्य.

असाच प्रसंग, वेगळ्या रूपानें, आपल्या पूर्वजांवरही आला होता. इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत वसईचा किल्ला पोर्तुगीजांच्या हातून गेला. ज्या राजसत्तेच्या छायेंत येथलीं मंदिरें उभीं राहिलीं होतीं, ती सत्ता जहाजांत बसून निघून गेली. राजा गेला, आतां राजाबरोबर धर्मही जाईल, असें पाहणाऱ्यांस वाटलें असल्यास नवल नाहीं. परंतु आपले पणजे, खापरपणजे कोठें गेले नाहींत. ते याच वाड्यांत राहिले, हीच मराठी बोली बोलले, याच विहिरींचें पाणी प्याले आणि सायंकाळीं दिवा लावून जपमाळ म्हणत राहिले. ही श्रद्धा जर किल्ल्याच्या तोफांवर उभी असती तर तोफांबरोबरच गेली असती. ती गेली नाहीं, आणि इ. स. १९९८ मध्यें वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. आज आपण ज्युबिली करतों ती त्या दिव्याची.

आतां हें सामर्थ्य आपल्या ठायीं कसें कार्य करतें, तें आपल्या परिचयाच्या दृष्टांतानें पाहूं. वाडींतील विहीर सर्वांनीं पाहिली आहे. उन्हाळ्यांत पाणी खालीं जातें तेव्हां आपण विहिरींत उतरून गाळ उपसतों. गाळ निघाला कीं झरा मोकळा होतो आणि पाणी वर चढूं लागतें. झरा आपण निर्माण केला काय? नाहीं, तो खडकांत पूर्वींच होता. मग गाळ उपसण्याचे श्रम व्यर्थ होते काय? तेंही नाहीं, ते न करतां पाणी मिळालें नसतें. आपल्या आत्म्याची स्थिति अशीच आहे. बाप्तिस्म्याच्या दिवशीं पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांनीं आपल्यांत वस्ती केली; तो झरा त्या दिवशीं फुटला. दृढीकरणांत पवित्र आत्म्याच्या दानांनीं तो बळावला. पवित्र मिस्सेंत ख्रिस्तशरीर स्वीकारतांना त्याचें मूळच आपल्या जिभेवर ठेवलें जातें. आपल्याकडे काम राहिलें तें गाळ काढण्याचें: पापनिवेदन, पश्चात्ताप, रोजची प्रार्थना, शेजाऱ्याची क्षमा.

म्हणून दोन चुका टाळावयाच्या. झरा आहे म्हणून विहिरीच्या कांठावर पाय सोडून बसणें ही एक. अशा मनुष्याच्या तोंडीं देवाचा भरंवसा असतो, पण तें आळसाचेंच दुसरें नांव असतें. खोरें हातांत घेतलें म्हणून पाणी मींच आणलें असें मानणें ही दुसरी. अशा मनुष्याच्या प्रार्थना लांब असतात, पण मनांतून तो स्वतःवरच विसंबलेला असतो. आणि अंगांतलें बळ सरलें कीं तो खचून जातो. भरंवसा ठेवणारा मनुष्य अंग मोडून कष्ट करतो, आणि पाणी लागलें कीं टोपी काढून देवाचे आभार मानतो.

हें सामर्थ्य आपल्या ठायीं आहे, याची ओळख काय, असें कोणी विचारील. मोठे चमत्कार शोधूं नका. ज्या सुनेला सासूचा कडू शब्द गिळवत नव्हता, तिनें आज तो गिळून सासूच्या दुखण्यांत तिचे पाय चेपले, तर तेथें तें सामर्थ्य आहे. दारू सोडतों असें शंभरदां म्हणून पडलेला मनुष्य एकशें एकाव्या वेळीं पापनिवेदनाच्या रांगेंत येऊन उभा राहिला, तर तेथें तें सामर्थ्य आहे. बांधावरून वीस वर्षें अबोला धरलेल्या दोन भावांतील एकानें आधीं हांक मारली, तर ज्या सामर्थ्यानें प्रभूच्या कबरेवरची धोंड सरकली, त्याच सामर्थ्यानें त्याचे ओंठ उघडले असें समजा. असलें काम रक्तामांसाच्या आटोक्यांतलें नव्हे.

आजच्या मंगल प्रसंगीं आपण गतवर्षांचा हिशेब वाचूं. मंदिराचें छप्पर केव्हां झालें, घंटा केव्हां आली, शाळेची इमारत कोणाच्या श्रमानें उभी राहिली, हें सर्व कृतज्ञतेनें नोंदवावें. परंतु त्या हिशेबाच्या वहींत न आलेली एक मोठी जमा आहे. ज्या विधवेनें मुलांस धर्मवचनें तोंडपाठ करविलीं, ज्या धर्मशिक्षकानें चिखल तुडवीत येऊन पोरांस क्रुसाची खूण शिकविली, ज्या आजोबांनीं मरतांना घरच्यांस एकत्र राहा म्हणून हात जोडले, त्यांचीं नांवें कोणत्याही शिलालेखावर नाहींत. देवानें हा धर्मग्राम बांधला तो त्यांच्याच हातांनीं.

आणि पुढच्या वर्षांचें काय? आपलीं मुलें शिकून शहरांत आणि परदेशांत चाललीं आहेत. जेथें वाड्या होत्या तेथें इमारती उठत आहेत. सायंकाळची जपमाळ कित्येक घरांतून ऐकूं येईनाशी झाली आहे. हें पाहून वडील मंडळी हताश होतात आणि म्हणतात, आमच्यामागें हें सर्व संपेल. बंधुभगिनींनो, ही काळजी खरी आहे, पण हा निराशेचा सूर ख्रिस्ती मनुष्यास शोभत नाहीं. ज्या देवानें अडीचशें वर्षें मंदिरावांचून आपलें लोक राखिले, तो आपल्या नातवंडांसही राखावयास समर्थ आहे. मात्र त्या जपानी बापांनीं जें केलें तें आपण करावयास हवें: आपल्या तोंडानें आपल्या मुलांस प्रार्थना शिकविली पाहिजे. तें काम धर्मगुरूवर किंवा शाळेवर ढकलून चालावयाचें नाहीं.

शेवटीं एक विनंति. जुन्या करारांतील ज्युबिलींत ज्याची जमीन त्यास परत मिळे आणि दास मोकळा होई. आपणही या ज्युबिलींत प्रत्येकानें एक तरी मनुष्य मोकळा करावा. ज्याचा अपराध आपण मनांत जपून ठेवला आहे, त्यास क्षमा करावी. ज्याचें देणें बुडविलें आहे, त्यास तें परत करावें. ज्याच्याशीं बोलणें सोडलें आहे, त्याच्या दारीं जावें. हें आपल्या बळानें होत नाहीं, असें आपणांस वाटेल. तें अगदीं खरें आहे. त्या ठिकाणींच गुडघे टेका आणि ज्याच्या बळानें होतें त्यास हांक मारा. मग उठा आणि चालूं लागा.

हे दयाळू पित्या, आमच्या पूर्वजांस तूं राखिलेंस. संत गोन्सालोच्या बंद दारांतून तूं आपली वाट काढलीस. आमच्या अंतःकरणांतील गाळ दूर कर आणि आपल्या कृपेचा झरा मोकळा वाहूं दे. जें आम्ही मागतों त्यापेक्षां जें तुला द्यावयाचें आहे त्यावर आमचा भरंवसा बसूं दे. ईश्वरमाता पवित्र मरिया आणि आमचे हुतात्मे संत आम्हांसाठीं विनंति करोत. आमच्या प्रभु येशू ख्रिस्ताच्या द्वारें. आमेन.